वाचकांचे प्रश्न: कमी पटीच्या स्कोपला जादा पट

रायफलवरच्या 4×32 (4 पट, पुढचं भिंग 32 मिलिमीटर) किंवा 1–6×24 (1 ते 6 पट, पुढचं भिंग 24 मिलिमीटर) अशा कमी पटीच्या स्कोपला जादा भिंग जोडून मोठं दिसेल का, असं विचारणारी पत्रं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या नेमबाज वाचकांकडून आली आहेत. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. स्कोपला हात लावण्याआधी रायफल रिकामी आहे आणि बोल्ट किंवा बॅरल उघडी आहे हे प्रत्येक वेळी स्वतः पाहून घ्यावं. खालच्या सगळ्या उत्तरांना ही अट लागू आहे.

प्रश्न: माझ्या पॉइंट टू-टू रायफलवर स्थिर 4×32 स्कोप आहे. 50 मीटरवर टार्गेटच्या काळ्या भागात पडलेली भोकं दिसत नाहीत. आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) मागे दुप्पट-तिप्पट करणारी छोटी दुर्बीण बसवली तर झिरो (नेम आणि मार जुळवलेली जागा) हलेल का? आणि खरंच जास्त दिसेल, की नुसतंच मोठं? (कोथरूड)

झिरो हलत नाही. स्कोपच्या आयपीसमधून बाहेर पडेपर्यंत टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर एकमेकांवर बसलेली असतात, आणि मागची दुर्बीण दोघांना एकदमच मोठं करते. ती जराशी तिरकी बसली किंवा काढून परत लावली, तरी दोन्ही बरोबरीनेच सरकतात. त्यामुळे रेटिकल (क्रॉसहेअर आणि त्यावरच्या खुणा) पहिल्या प्रतलातलं असो वा दुसऱ्या, खुणांचं माप तेच राहतं. 50 मीटरवर एक मिल (अंतराचा हजारावा भाग) म्हणजे 50 मिलिमीटर, ते तेवढंच. रेषा जाड दिसतील, पण टार्गेटचा जेवढा भाग आधी झाकत होत्या तेवढाच आताही झाकतील. नेम सरकवणाऱ्या टरेटच्या (स्कोपवरच्या फिरत्या बटणांच्या) क्लिकही बदलत नाहीत.

आता दिसण्याचं. पॉइंट टू-टूचं भोक साधारण 5.6 मिलिमीटरचं. 50 मीटरवरून त्याचा कोन होतो 23 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). चांगल्या डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे 60 विकला, एवढा तपशील वेगळा करता येतो, तोही पांढऱ्यावर काळं असताना. 4 पटीतून तुमचं भोक 92 विकलांचं दिसतं. पांढऱ्या कागदावर ते कसंबसं ओळखू येईल, पण काळ्यावर काळं भोक म्हणजे फरक फारच थोडा, तिथे ते हरवतं. 8 पटीला तेच भोक तीन कलांचं होतं आणि 12 पटीला साडेचार कलांच्या वर जातं. इथे ते नजरेत भरतं.

32 मिलिमीटरच्या ऑब्जेक्टिव्हकडे (पुढच्या भिंगाकडे) तेवढा तपशील असतो का? असतो. 116 ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागलं की भिंगाची मर्यादा विकलांत मिळते. इथे ती 3.6 विकला येते, आणि 4 पटीला डोळा मात्र 15 विकलांवरच अडतो. म्हणजे भिंग पकडत असलेला बराच तपशील आपण वापरतच नाही. दुप्पट-तिप्पट केल्यावर तो खरोखर हाती येतो. त्यापुढे मात्र नुसतं फुगवणं होतं. शिवाय स्वस्त स्कोपची भिंगं 4 पटीला खपून जाईल इतपतच घासलेली असतात. त्यांच्यात 12 पटीला कडांवर जांभळी-हिरवी झालर येते. अशा स्कोपला दुपटीवर थांबवा.

भोकं मोजणं एवढंच काम असेल, तर आमचा सल्ला वेगळा आहे. रायफलवरचा स्कोप आहे तसा ठेवा आणि शेजारी तिवईवर 20 पटीची, 60 मिलिमीटर भिंगाची स्पॉटिंग दुर्बीण उभी करा. जादा पट हवी ती नेम बारीक धरता यावा म्हणून, गुण वाचण्यासाठी नाही.

प्रश्न: रेड डॉटच्या (लाल ठिपक्याच्या, बिनपटीच्या साइटच्या) मागे लावतात तो 3× मॅग्निफायर मिळाला आहे. 4×32 च्या मागे तो किती अंतरावर आणि कसा बसवू? (चिंचवड)

आधी अंतर शोधायचं. स्कोपचं तोंड उजेड असलेल्या आकाशाकडे करा (सूर्याकडे चुकूनही नको) आणि आयपीसच्या मागे ट्रेसिंग पेपर धरा. कागद मागे-पुढे केला की त्यावर प्रकाशाची गोल टिकली दिसते. जिथे ती सर्वांत लहान आणि कडेला धारदार होते, तिथपासून आयपीसच्या काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. हाच तुमच्या स्कोपचा आय रिलीफ. बहुतेक स्कोपमध्ये तो 75 ते 100 मिलिमीटर येतो. टिकलीचा व्यासही व्हर्नियरने मोजून ठेवा. 4×32 मध्ये तो 32 भागिले 4, म्हणजे 8 मिलिमीटर यायला हवा. 5 किंवा 6 आला तर नळीच्या आतली एखादी रिंग प्रकाश अडवते आहे, आणि तुमचा स्कोप नावाला 32 चा, कामाला 20 ते 24 चा आहे. अशा स्कोपवर तिप्पट लावण्यात अर्थ नाही.

3× मॅग्निफायरचं पुढचं भिंग या टिकलीच्या जागी आलं पाहिजे. ते आयपीसला चिकटवलं तर कडा काळवंडतात, फार मागे नेलं तरी तेच. 10 मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, म्हणून पिकाटिनी रेलच्या (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचा पुरतात. त्या 10 मिलिमीटरच्या अंतरानेच असतात.

आता खरी अडचण. स्कोपचा आय रिलीफ 85, मॅग्निफायरची लांबी 100 आणि त्याचा स्वतःचा आय रिलीफ 65 धरला, तर तुमचा डोळा आयपीसपासून 250 मिलिमीटर मागे जातो. आधी तो 85 वर होता. म्हणजे स्कोप 165 मिलिमीटर पुढे सरकायला हवा. लाकडी दस्त्याच्या साध्या रायफलवर रेल तेवढी लांब नसते. रिंगा घेण्याआधी हे माप रायफलवर खडूने आखून बघा. बसत नसेल तर बसत नाही. मान मागे ताणून नेम धरण्याची सवय लावून घेऊ नका.

उंचीही जुळवावी लागते. मॅग्निफायरसोबत येणारं घडीचं माउंट सहसा उंच असतं आणि स्कोप बुटक्या रिंगांत बसलेला असतो. मॅग्निफायरची नळी 30 मिलिमीटरची असेल तर घडीचं माउंट काढून साधी 30 ची रिंग लावा. रिंग निवडताना पाकिटावरचं ‘लो’ किंवा ‘मीडियम’ बघू नका; रेलच्या माथ्यापासून नळीच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. 25.4 मिलिमीटर नळीच्या ‘मीडियम’ रिंगेचा मध्य आणि 30 च्या ‘मीडियम’चा मध्य एका रेषेत येतीलच असं नाही. थोडा फरक उरला तर थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून रिंगेच्या बुडाखाली घाला. तो साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. शेवटी मॅग्निफायरच्या पुढच्या भिंगासमोर ट्रेसिंग पेपर धरून टिकली भिंगाच्या मधोमध पडते का ते पाहा. मध्यापासून एक मिलिमीटरची चूक खपते, तीन मिलिमीटरला चित्र एका बाजूने कापलं जातं. रिंगांचे वरचे स्क्रू 1.7 ते 2 न्यूटन-मीटरवर थांबवा. त्यापुढे नळी चेपते.

रेल आखूड पण दस्ता लांब असेल तर आयपीसवर चढणारी बाही करून घेता येते. भोसरीतला कोणताही चांगला टर्नर ॲल्युमिनियमच्या नळीतून ती काढून देईल. आतला व्यास आयपीसच्या बाहेरच्या व्यासापेक्षा 0.4 मिलिमीटर जास्त ठेवा, मागून 25 मिलिमीटर लांबीची चीर पाडा आणि ती आवळायला एक एम-4 स्क्रू द्या. पकड रबरी ओ-रिंगवर घ्या. बोहरी आळीत हव्या त्या मापाची मिळते. बाहीला खालच्या बाजूने 4 मिलिमीटरची दोन भोकं हवीतच. नाहीतर पावसाळ्यात दोन भिंगांमध्ये कोंडलेली दमट हवा काचेवर धरते आणि आत हात पोचत नाही. आतून मॅट काळा रंग द्या. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए नको, पीईटीजी घ्या. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं.

फोकसचा क्रम चुकवू नका. आधी मॅग्निफायर काढून, स्कोप कोऱ्या आकाशाकडे धरून, आयपीस फिरवून क्रॉसहेअर धारदार करा. मग मॅग्निफायर लावा आणि उरलासुरला धूसरपणा त्याच्याच फोकस रिंगेने काढा. कारण आयपीसमधली चूक मागे गेल्यावर पटीच्या वर्गाने वाढते: अर्ध्या डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात त्या एककाची) चूक 2× मागे दोन डायॉप्टर होते आणि 3× मागे साडेचार. नुसत्या स्कोपमधून बघताना डोळा ती सांभाळून घेत होता. आता त्याला ते जमत नाही.

हे सगळं प्रिझम किंवा उलटवणारी भिंगं असलेल्या मॅग्निफायरसाठी. नाटकाच्या जुन्या दुर्बिणीसारखा, एक फुगीर आणि एक खोलगट भिंग असलेला 2× डब्लर असेल तर उलट करायचं: तो आयपीसला जवळजवळ टेकवायचा आणि डोळा त्याच्या काचेशी न्यायचा. टिकलीच्या जागी ठेवलात तर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसेल.

प्रश्न: एअर रायफलवर 4×32 आणि मागे 2× डब्लर लावला. 50 मीटरवर छान दिसतं, पण घरी 10 मीटरवर क्रॉसहेअर धारदार आणि टार्गेट अगदी धूसर. डब्लर खराब आहे का? (सिंहगड रस्ता)

डब्लर ठीक आहे, दोष पॅरलॅक्सचा, म्हणजे टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर एका पातळीवर नसण्याचा आहे. तुमचा स्कोप बहुधा बंदुकीसाठीचा, कारखान्यात 100 यार्डांवर, म्हणजे 91 मीटरवर जुळवलेला. 91 मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा क्रॉसहेअरच्या पातळीवर पडते, 10 मीटरवरची तिच्या मागे. हा फरक डायॉप्टरमध्ये 1/10 वजा 1/91, म्हणजे 0.089. स्कोप त्याला पटीच्या वर्गाने, 16 ने गुणतो: 1.4. तरुण डोळा एवढं ओढून घेतो, म्हणून डब्लरशिवाय तुम्हाला ते जाणवलं नसेल. डब्लर त्याला आणखी 4 ने गुणतो आणि आकडा 5.7 वर जातो. क्रॉसहेअर आणि टार्गेट यांच्यात एवढं अंतर असताना कोणताही डोळा दोन्ही एकदम धारदार बघू शकत नाही. 50 मीटरला हाच हिशेब जेमतेम 0.6 येतो, म्हणून तिथे छान दिसतं.

डब्लरने तुमच्यावर एक उपकारच केला आहे. हा दोष आधीपासून होता आणि नेम बिघडवत होता. चूक किती, ते असं काढतात: ऑब्जेक्टिव्हचा अर्धा व्यास, गुणिले (जुळवलेलं अंतर वजा टार्गेटचं अंतर), भागिले जुळवलेलं अंतर. 16 गुणिले 81 भागिले 91, म्हणजे 14 मिलिमीटर. डोळा टिकलीच्या एका कडेला गेला की क्रॉसहेअर मध्यावर दिसत असूनही छर्रा 14 मिलिमीटर बाजूला पडू शकतो. 10 मीटरच्या टार्गेटचा संपूर्ण काळा भाग 30.5 मिलिमीटरचा असतो, हे लक्षात घ्या.

उपाय तीन. समोरच्या बाजूला अंतराची रिंग असलेला, 10 यार्डांपर्यंत येणारा स्कोप घेणं हा सरळ उपाय. दुसरा, आहे तोच स्कोप जुळवून घेणं: ऑब्जेक्टिव्हच्या पुढची नावाची रिंग सोडवली की बऱ्याच स्कोपमध्ये भिंगाची चकती आट्यांवर फिरते, ती बाहेरच्या दिशेने फिरवत गेलं की जवळचं अंतर जुळतं. दर पाव फेऱ्याला थांबून, डोकं हलवून क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो का ते बघायचं. यात आतला नायट्रोजन निघून जातो, त्यामुळे हे काम पुण्यात जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करावं, जुलैत नाही. सगळ्या स्कोपना 10 मीटरपर्यंत पुरतील इतके आटे नसतात. चकती सैल डगडगायला लागली की थांबा.

तिसरा उपाय फुकटचा. काळ्या कार्डपेपरची, मध्ये 16 मिलिमीटर भोक असलेली चकती ऑब्जेक्टिव्हवर बसवा. सूत्रातला व्यास निम्मा झाला की चूकही निम्मी, 7 मिलिमीटर, आणि टार्गेटही बरंच रेखीव दिसतं. मात्र 8 पटीला टिकली 2 मिलिमीटरचीच उरते, म्हणून टार्गेटवर चांगला दिवा हवा.

प्रश्न: मागे जागाच नाही. कॅमेऱ्याचा 2× टेलिकन्व्हर्टर स्कोपच्या पुढच्या तोंडावर आट्यांनी बसवला तर? (हडपसर)

बसवू नका. समोर लावलेलं भिंग फक्त टार्गेटला मोठं करतं, क्रॉसहेअरला नाही, आणि इथेच सगळं बिघडतं. 0.25 एमओएची (पाव कलेची) क्लिक 50 मीटरवर 3.6 मिलिमीटर सरकवते. समोर 2× लागल्यावर तीच 1.8 सरकवते. मिलच्या खुणाही निम्म्या होतात. हे पाठ करून चालवून घेता आलं असतं. आट्यांतला खेळ मात्र पाठ करता येत नाही. 50 मिलिमीटर व्यासाच्या आट्यात 0.1 मिलिमीटरचा खेळ म्हणजे साधारण 0.11 अंशाचा कल, आणि तेवढ्याने 50 मीटरवर मार जवळजवळ पाच सेंटिमीटर सरकतो. दर वेळी काढून लावलात की झिरो नवा. भर म्हणजे पुढच्या टोकाला 200-300 ग्रॅम लटकून नळीवर ताण येतो तो वेगळाच.

प्रश्न: घरात 8×21 ची मोनोक्युलर पडून आहे. तीच मागे लावली तर? (औंध)

4×32 च्या मागे लावलीत तर 32 पट होईल आणि टिकली एक मिलिमीटरची. ऑब्जेक्टिव्हची 3.6 विकलांची मर्यादा 32 ने गुणली की जवळजवळ दोन कला होते, म्हणजे सगळ्या कडा मऊ दिसणार. मोनोक्युलर सात-आठ अंशांचाच भाग बघते आणि स्कोपमधून बाहेर येणारं चित्र वीस-बावीस अंशांचं असतं. त्यातला मधला तिसरा हिस्सा काय तो दिसेल. 1–4× प्रकारचा स्कोप 1 पटीवर ठेवून लावलीत तर 8 पट होईल आणि चित्र पुष्कळ बरं येईल, पण मग तो स्कोप 4 वर ठेवून 2× लावणं केव्हाही चांगलं.

प्रश्न: 1–6×24 स्कोप 6 वर ठेवून मागे 2× लावतो. सकाळी ठीक, पण संध्याकाळी साडेसहानंतर काहीच दिसत नाही. कोटिंगचा दोष? (वाघोली)

कोटिंगचा नाही, टिकलीचा. 24 भागिले 12 म्हणजे 2 मिलिमीटर. भर उजेडात डोळ्याची बाहुली अडीच-तीन मिलिमीटर असते, तेव्हा फार फरक पडत नाही. संध्याकाळी ती पाचपर्यंत उघडते आणि त्यातला दोनचाच भाग उजळतो: 4 भागिले 25, म्हणजे उजेडाचा जेमतेम सहावा हिस्सा. तिन्हीसांजेला स्कोप 3 वर आणा. 2× सह 6 पट होते आणि टिकली 4 मिलिमीटरची. दुपारच्या धगीत मात्र उजेड असूनही 12 पटीचा उपयोग नसतो. एप्रिल-मे मध्ये नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा टार्गेटला पाण्यात बुडवल्यासारखं हलवते. पट वाढवली की तेच मोठं दिसतं.

प्रश्न: स्प्रिंगच्या एअर रायफलवर मागे 270 ग्रॅमचा मॅग्निफायर लावला. पन्नासेक छर्ऱ्यांत स्कोपच रिंगांतून पुढे सरकला. स्क्रू अजून आवळू? (धायरी)

आवळू नका, नळी चेपेल. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते. साध्या बंदुकीपेक्षा स्कोपला तोच जास्त त्रासदायक, आणि तुम्ही त्यात वजन वाढवलं. सरकणं थांबवण्यासाठी रेलच्या भोकात बसणारी खुंटी असलेलं एकसंध माउंट घ्या. 11 मिलिमीटरच्या डोव्हटेलवर (रायफलवरच्या तिरक्या कडांच्या पट्टीवर) नुसत्या दोन सुट्या रिंगा पुरणार नाहीत. रिंगेच्या आत आणि नळीवरचं तेल स्पिरिटने पुसा. बहुतेक वेळा नळी तिथूनच घसरते. तरीही आमचं मत स्पष्ट आहे: स्प्रिंग रायफलवर मागे काहीही लावू नये. डोळा काचेच्या जवळ येतो, रायफल मागे येते आणि भुवई फुटते. डोळ्यासमोर किमान 60 मिलिमीटर मोकळे राहत नसतील, तर तो जोड त्या रायफलवर नकोच. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलवर हा प्रश्न येत नाही.

प्रश्न: बालेवाडीला 10 मीटर स्पर्धेत असा स्कोप चालेल का? (बाणेर)

नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 10 मीटर एअर रायफल प्रकारात स्कोपच चालत नाही; मागे छिद्राची आणि पुढे रिंगेची डायॉप्टर साइट लागते. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असूनही नेम भिंगाविना धरायचा असतो. स्पर्धेची तयारी करत असाल तर सराव डायॉप्टरवरच करा.

प्रश्न: आकाशदर्शनाच्या दुर्बिणीत बार्लो भिंग घालून पट दुप्पट करतात. स्कोपच्या आत तसं करता येईल का? (सदाशिव पेठ)

तत्त्वाने येईल, व्यवहारात नाही. बार्लो पहिल्या प्रतिमेच्या थोडं अलीकडे बसतं आणि प्रतिमा मागे ढकलतं. आकाशाच्या दुर्बिणीत आयपीस तेवढाच बाहेर ओढता येतो. स्कोपमध्ये त्या जागी क्रॉसहेअर आणि सरळ करणाऱ्या भिंगांची नळी असते. तिला सरकायला जागा नसते, कारण टरेटचे स्क्रू आणि स्प्रिंग तिलाच दाबून धरतात. बार्लो क्रॉसहेअरच्या पुढे बसवलं तर क्लिक निम्म्या होतात आणि ते भिंग केसभर हललं तरी झिरो जातं, म्हणजे हडपसरच्या वाचकांचीच अडचण नळीच्या आत नेल्यासारखं. बार्लो हाताशी असेल तर ते तुमच्या आकाशाच्या दुर्बिणीतच राहू द्या आणि ती दुर्बीण सरळ प्रतिमा देणारं प्रिझम लावून रेंजवर भोकं बघायला आणा.